वाक्याच्या पोटातलं वाक्य

समजा, जव्हार तालुक्यातल्या वावरमध्ये चार-पाच वर्षांची एक मुलगी आईला सांगते आहे, ‘जी कोंबडी काल खुडूक बसली होती ना, ती आज कुठं दिसतच नाही.’ हे ती वारलीत सांगेल किंवा कोकणा बोलीत सांगेल. इथं ते प्रमाण मराठीत मांडलं आहे.

आता हे बोलणं जरा हळू ऐकू या. त्यात दोन क्रियापदं आहेत. पहिला तुकडा कोणती कोंबडी ते सांगतो, दुसरा तिचं काय झालं ते सांगतो. ‘जी’ आणि ‘ती’ हे दोन शब्द दोन्ही तुकड्यांना बांधून ठेवतात. मुलगी ‘जी कोंबडी काल खुडूक बसली होती’ एवढंच म्हणून थांबली, तर आई हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघेल, कारण बोलणं पुरं झालेलं नाही हे आईला कळतं. मुलीलाही कळतं. कुठला तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि कुठला दुसऱ्याच्या आधारानं, हे दोघींना ठाऊक आहे आणि ते दोघींनाही कुणी शिकवलेलं नाही.

हीच मुलगी दहा वर्षांनी आश्रमशाळेत दहावीला बसते. इंग्रजीच्या पेपरात अधोरेखित सबॉर्डिनेट क्लॉज, म्हणजे दुसऱ्याच्या आधारानं उभा राहणारा तुकडा, ओळखायला सांगितलेला असतो, आणि ती गप्प होते. चार वर्षांची असताना जी गोष्ट तिनं सहज केली, तिचंच नाव विचारल्यावर ती अडते. ही अडचण मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती मुलीच्या बुद्धीत नाही. तिच्याजवळ असलेलं ज्ञान आणि फळ्यावर लिहिलेलं ज्ञान एकच आहे, हे तिला कुणी दाखवलेलं नसतं.

वावर-वांगणी ही नावं महाराष्ट्राला कळली ती १९९२-९३च्या बालमृत्यूंच्या बातम्यांमधून. तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटलं की लोकांना कुपोषण आठवतं. त्या बातम्या खऱ्या होत्या आणि त्या छापून येणं आवश्यकच होतं. पण इथल्या मुलांजवळ काय कमी आहे ह्याचीच मोजदाद इतकी वर्षं होत आली. शाळेत पाऊल टाकण्याआधी ही मुलं डोक्यात भाषेचं केवढं मोठं यंत्र घेऊन येतात, त्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

त्या यंत्राचा एक महत्त्वाचा सुटा भाग म्हणजे क्लॉज, मराठी व्याकरणातलं उपवाक्य. ते ओळखायचं कसं? मला चुलीची उपमा सोयीची वाटते. घरात माणसं कितीही असोत, बिऱ्हाडं किती हे चुलींवरून कळतं. वाक्यात शब्द कितीही असोत, उपवाक्यं किती हे काळ दाखवणाऱ्या क्रियापदांवरून कळतं. जितकी अशी क्रियापदं, तितक्या पेटत्या चुली. एकच चूल असेल तर केवल वाक्य, इंग्रजीत सिंपल. दोन चुली बरोबरीच्या आणि मध्ये ‘आणि’, ‘पण’, ‘किंवा’ असा शब्द असेल तर संयुक्त, म्हणजे कम्पाउंड. एक चूल मुख्य, म्हणजे प्रधान, आणि दुसरी तिच्या आश्रयाला, म्हणजे गौण, असेल तर मिश्र, म्हणजे कॉम्प्लेक्स. ही कसोटी जुनी आहे. पाणिनीच्या सूत्रांवर वार्त्तिकं लिहिणाऱ्या कात्यायनानं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी वाक्याची ओळख अशीच सांगितली होती : ज्यात एक आख्यात, म्हणजे पुरुष-वचनाचे प्रत्यय लागलेलं एक क्रियापद असतं, ते वाक्य.

पण ह्याच कसोटीनं मराठी वाक्यं मोजायला बसलं की पहिलं नवल समोर येतं. ‘आई पहाटे उठून, चूल पेटवून, भाकरी भाजून, पाटी डोक्यावर घेऊन रानात गेली.’ कामं पाच झाली, पण काळ दाखवणारं क्रियापद एकच, ‘गेली’. उठून, पेटवून, भाजून, घेऊन ही चारही रूपं स्वतःचा काळ सांगत नाहीत. तो त्यांना शेवटच्या शब्दाकडून मिळतो. ‘गेली’च्या जागी ‘जाईल’ ठेवा, सगळी सकाळ उद्यावर जाते. इंग्रजीत हेच सांगताना ‘गॉट अप’, ‘लिट’, ‘मेड’, ‘वेंट’ अशी प्रत्येक क्रियापदाला भूतकाळाची खूण करत जावं लागतं. म्हणून मराठी माध्यमाची अनेक मुलं एकाच क्रियापदाला काळ लावतात आणि बाकीची उघडी सोडतात. मास्तर त्यावर लाल रेघ मारतात. पण मूल तिथं आपल्या भाषेचा नियम काटेकोरपणे पाळत असतं, फक्त तो नियम चुकीच्या भाषेत लावत असतं. हा ‘ऊन’ प्रत्यय एकट्या मराठीचाही नाही. हिंदीत तो ‘कर’ होऊन येतो, कन्नड-तमिळमध्येही त्याच कामाची रूपं आहेत. मरे एमेनो ह्या भाषाशास्त्रज्ञानं १९५६ साली भारत हा एकच भाषिक प्रदेश आहे असं मांडलं, तेव्हा आर्य आणि द्रविड भाषांना जोडणाऱ्या खुणांमध्ये ह्या रूपाचाही विचार झाला. म्हणजे वावरची मुलगी ‘जेवून येते’ म्हणते, तेव्हा ती अख्ख्या उपखंडाच्या सवयीनं बोलत असते.

दुसरं नवल मला सगळ्यात सुंदर वाटतं. हा शब्दसमूह बघा : मामानं दिलेल्या बियांतून उगवलेल्या वेलीला लागलेला भोपळा. आता इंग्रजीत : द पम्पकिन दॅट ग्रू ऑन द वाइन दॅट स्प्रँग फ्रॉम द सीड्स दॅट अंकल गेव्ह. मराठीत क्रम आहे मामा, बी, वेल, भोपळा. इंग्रजीत भोपळा, वेल, बी, मामा. एक शब्दसमूह दुसऱ्याचं अगदी आरशातलं प्रतिबिंब आहे. मराठी आधी सगळी वंशावळ सांगते आणि मग वस्तू समोर ठेवते. इंग्रजी आधी वस्तू समोर ठेवते आणि मग तिच्या मागं मागं जात राहते.

हे उलटं असणं फक्त भोपळ्यापुरतं नाही. ‘घरात’ म्हणताना आपण ‘घर’ आधी आणि ‘आत’ नंतर म्हणतो, इंग्रजी ‘इन’ आधी म्हणते. आपलं क्रियापद कर्मानंतर येतं, त्यांचं आधी. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्गनं १९६३मध्ये जगभरातल्या तीस भाषांचा ताळा मांडला, तेव्हा ह्या गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून फिरतात असं दिसलं. ज्या भाषा क्रियापद शेवटी ठेवतात, त्या बहुतेक वेळा ‘आत’, ‘वर’, ‘साठी’ हे शब्दही नामाच्या मागेच ठेवतात. म्हणजे मराठी आणि इंग्रजी ह्या एकाच घाटातून चढणाऱ्या दोन वाटा नाहीत. एक पूर्वेकडून चढते, दुसरी पश्चिमेकडून. इंग्रजीचा मास्तर मुलांना ‘शेवटून सुरुवात करा’ असं सांगतो, तेव्हा त्या घरगुती युक्तीमागं मानवी भाषेच्या घडणीची एवढी मोठी गोष्ट उभी असते. ती मुलांना सांगायला काय हरकत आहे? नववीतल्या मुलांना ती नक्की कळेल, आणि इंग्रजी त्यांना लहर आल्यासारखी उलटी वाटणार नाही.

मराठीजवळ मात्र आणखी एक वाट आहे, आणि ती इंग्रजीच्या बरीच जवळून जाते. ती म्हणजे जो-तो. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’, ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’. म्हणी ह्याच साच्यात का घडल्या असाव्यात? एका झोक्यात प्रश्न उभा राहतो आणि दुसऱ्या झोक्यात उत्तर मिळतं, म्हणून त्या लक्षात राहत असाव्यात असं मला वाटतं. इंग्रजीतला ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ म्हणजे ह्यातला ‘जो’. ‘तो’ त्यांच्याकडे लागत नाही. ‘जेव्हा-तेव्हा’मधला ‘जेव्हा’ म्हणजे ‘व्हेन’, ‘जिथं-तिथं’मधला ‘जिथं’ म्हणजे ‘व्हेअर’, ‘जर-तर’मधला ‘जर’ म्हणजे ‘इफ’. जोडीतला एकच शब्द ते ठेवतात. ‘इतका की’ला मात्र त्यांच्याकडे जोडी आहे, ‘सो’ आणि ‘दॅट’. ‘पाऊस पडताच’मधला ‘ताच’ हा एवढासा प्रत्यय ‘ॲज सून ॲज’ ह्या तीन शब्दांचं काम एकट्यानं करतो. आणि एके ठिकाणी दोन्ही भाषा चक्क सारख्याच वागतात. ‘असतील शितं तर जमतील भुतं’ ह्यात ‘जर’ गळून पडला आहे आणि क्रियापद उडी मारून वाक्याच्या पुढं आलं आहे. इंग्रजीतही ‘इफ’ गाळायचा झाला तर ‘हॅड’ पुढं येतो : हॅड इट रेन्ड. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी अट सांगण्यासाठी एकच युक्ती वापरावी, हे पाहून मन थक्क होतं.

वाक्यांचे प्रकार शिकवताना प्रश्नार्थी वाक्य आपण घाईत उरकतो. मराठीत ते सोपंही आहे. ‘जो मुलगा जेवतो आहे तो खूश आहे’ ह्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न तयार. इंग्रजीत सहायक क्रियापद उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवावं लागतं. ‘द बॉय हू इज ईटिंग इज हॅपी.’ ह्यात ‘इज’ दोन आहेत. उचलायचा कोणता? पहिला उचलला तर वाक्य मोडतं, दुसराच उचलावा लागतो. कारण पहिला ‘इज’ आतल्या उपवाक्याचा आहे, त्याला आपलं घर सोडून बाहेर पडता येत नाही. स्टीफन क्रेन आणि मिनेहारू नाकायामा ह्या भाषाशास्त्रज्ञांनी १९८७मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या तीस मुलांवर हे तपासलं. एका चित्रपटातल्या पात्राची बाहुली समोर ठेवून तिला असे प्रश्न विचारायला मुलांना सांगितलं. काही मुलं अडखळली, काहींनी ‘इज’ दोनदा म्हटला. पण आतल्या उपवाक्यातला ‘इज’ काढून पुढं आणण्याची चूक एकाही मुलानं केली नाही. मुलं शब्द एकामागून एक मोजत नव्हती. त्यांना वाक्याच्या आतली रचना दिसत होती. ती नेमकी कुठून दिसते ह्यावर भाषाशास्त्रज्ञांमध्ये आजही जोरदार वाद आहे. दिसते हे मात्र खरं, आणि वावरच्या त्या मुलीलाही ती दिसते, नाहीतर तिची कोंबडी ‘जी’ आणि ‘ती’च्या मध्ये हरवली असती.

इथं गोदावरी परुळेकरांची आठवण येते. वारल्यांच्या १९४५च्या उठावाची हकीगत सांगणारं त्यांचं पुस्तक १९७०मध्ये आलं. तलासरी-डहाणूच्या ज्या पट्ट्याची ती हकीगत आहे तो आज वावरच्याच पालघर जिल्ह्यात आहे. पुस्तकाचं नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’. व्याकरणाच्या दृष्टीनं हे नाव पुरं वाक्य नाही. ते क्रियाविशेषणवाक्य आहे, गौण उपवाक्य. ‘तेव्हा’ लिहिलेलंच नाही. नाव वाचणारा त्या ‘तेव्हा’साठी पुस्तक उघडतो, आणि आतली सगळी पानं म्हणजे ते राहिलेलं प्रधान वाक्य. १९७५मध्ये हीच हकीगत इंग्रजीत आली तेव्हा तिचं नाव झालं ‘आदिवासीज रिव्होल्ट’, म्हणजे एक कर्ता, एक क्रियापद, एक सरळ केवल वाक्य. दोन्ही नावं ठाम आहेत, पण मराठी नाव वाचकाला थांबवतं आणि इंग्रजी नाव बातमी देतं. गौण उपवाक्य दुबळं असतं असं ज्या मुलांना वाटतं, त्यांना ही दोन नावं शेजारी शेजारी लिहून दाखवावीत.

आश्रमशाळेतल्या मुलांना सगळ्यात जास्त छळतो तो इनडायरेक्ट स्पीच, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून सांगणं, आणि त्याचं कारण व्याकरणाहून खोल आहे. ‘मी उद्या येतो असं बाबा म्हणाला.’ हे मराठी वाक्य ऐकताना ‘मी’ म्हणजे बाबा हे सगळ्यांना कळतं. मराठी दुसऱ्याचा शब्द त्याच्याच तोंडचा ठेवते, त्याचा ‘मी’, त्याचा काळ, त्याचा ‘उद्या’ सगळं जसंच्या तसं. इंग्रजी ते सगळं सांगणाऱ्याच्या बाजूनं वळवून घेते. ‘मी’चा ‘तो’ होतो, वर्तमानाचा भूत होतो, उद्याचा ‘दुसऱ्या दिवशी’ होतो. शाळेत हे नियमांच्या तक्त्यासारखं पाठ करवून घेतात आणि मुलं त्यात बुडून जातात. एकच प्रश्न शिकवला तरी निम्मा तक्ता गळून पडेल : आत्ता बोलतंय कोण, आणि तो कुठं उभा आहे?

हे सगळं मुलांच्या बोलीपासून सुरू का करू नये? ह्याच जिल्ह्यात तसं करून दाखवणाऱ्या बायका होऊन गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आल्या आणि वारल्यांच्या मुलांसाठी त्यांनी बालवाड्या चालवल्या. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. पानं, बिया, शंख हेच शिकवण्याचं साहित्य. मूल जिथं उभं आहे तिथूनच शिकवायला सुरुवात करायची, ही त्यांची पद्धत. भाषेच्या तासालाही ती लागू करता येते. त्याहून जुनं उदाहरण द्यायचं तर जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचं. १९०५ साली निघालेल्या त्याच्या मराठीच्या खंडात वारलीची स्वतंत्र नोंद आहे. प्रत्येक बोलीचा नमुना घेताना बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट त्या त्या बोलीत सांगायला लावायची, अशी त्याची रीत होती. त्या गोष्टीत धाकटा मुलगा बापाकडे आपल्याला येणारा वाटा मागतो, आणि त्या मागणीतच ‘जो मला येतो’ असं एक विशेषणवाक्य दडलेलं आहे. ग्रियर्सनच्या मनात होतं की नव्हतं कोण जाणे, पण ‘तुमच्या भाषेत वाक्याच्या पोटात वाक्य कसं ठेवतात?’ हा प्रश्न त्यानं देशाच्या बऱ्याच भागांतल्या बोलींना विचारला, आणि प्रत्येक बोलीनं तो आपल्या पद्धतीनं सोडवला.

महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकवायला २००० साली सुरुवात झाली. वावरच्या मुलाला ती प्रमाण मराठीच्या बरोबरीनंच शिकावी लागते, आणि प्रमाण मराठी हीसुद्धा त्याच्या घरची भाषा नसते. त्यात दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातली अनेक घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. भात आणि नागली घरात आली की पावसाळ्यापर्यंत गावात काम नसतं. जी मुलं आईबापांबरोबर जातात त्यांचा अभ्यास मध्येच तुटतो. ज्या महिन्यांत वर्गात केवल-संयुक्त-मिश्र चालू असतं, नेमक्या त्या महिन्यांत ती विटांच्या रांगांमध्ये असतात. ह्या मुलांना व्याकरण जमत नाही असं म्हणण्याआधी हे आठवायला हवं. आणि ह्याच मुलांच्या शाळांमध्ये मराठीचे शिक्षक एका वर्गात ‘गौण वाक्य’ शिकवत असतात, इंग्रजीचे शिक्षक पलीकडच्या वर्गात ‘सबॉर्डिनेट क्लॉज’. विषय एकच आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६मध्ये मराठीचं व्याकरण इंग्रजीच्या धर्तीवर रचलं, तेव्हापासून दोन्ही व्याकरणांमधली भिंत पातळच होत आली आहे. दोघा शिक्षकांनी महिन्यातून एक तास एकाच वर्गात उभं राहून एकच वाक्य दोन्ही भाषांत सोडवलं, तर मुलांना ते दिसेल.

तो तास कुठल्या वाक्यानं सुरू करावा? माझ्या मते ज्यात इंग्रजीची अडचण होते आणि मुलाची होत नाही, अशा वाक्यानं. ‘ज्याला जे आवडलं त्यानं ते घेतलं.’ ह्यात एकाच उपवाक्यात ‘जो’ दोनदा आला आहे, एकदा माणसासाठी आणि एकदा वस्तूसाठी, आणि पुढं दोघांचेही जोडीदार ‘त्यानं’ आणि ‘ते’ न गोंधळता हजर आहेत. वावरच्या पोरांना ह्यात काही अवघड वाटणार नाही. इंग्रजीला मात्र एका उपवाक्यात दोन संबंधी सर्वनामं अशी शेजारी बसवता येत नाहीत, तिला वळसा घालावा लागतो. तो वळसा कसा घालायचा हे मुलांनीच शोधावं. कुणी ‘एव्हरीवन टुक व्हॉट ही लाइक्ड’ लिहील, कुणी ‘पीपल टुक द थिंग्ज दॅट दे लाइक्ड’. दोन्हीला पुरे गुण द्यावेत. आणि मग विचारावं : ह्यातले क्लॉज किती, आणि ‘ज्याला’मधला माणूस इंग्रजीत नेमका कुठल्या शब्दात जाऊन बसला?